कपाटातले मासे

लोक येतात, तुमच्या फोटोसमोर हात जोडतात आणि मग माझ्यासमोर बसून तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. केवढा रसिक माणूस, म्हणतात. पुस्तकांवर पोटच्या पोरांसारखी माया केली, म्हणतात. मी मान डोलावते, चहाचा कप पुढे करते आणि मनात म्हणते, चार दिवस माझ्या जागी राहून बघा, मग बोला. तुमचा तेरावा परवा झाला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. पण मी कुठे लोकांत बोलते आहे? तुमच्याशीच बोलते आहे. लग्न झाल्यापासून जे वाटलं ते तोंडावर बोलत आले, आता फोटोपुढे गोड बोलायला लागले तर तुम्हालाच संशय येईल.

तर ऐका. मला तुमचा राग आला आहे. आधीही यायचा, पण तो घरातला राग होता, संध्याकाळपर्यंत उतरायचा. हा उतरत नाही.

तुमची ती खोली कालच उघडली. गंगापूर रोडवरच्या ह्या फ्लॅटमध्ये एकच खोली पूर्वेकडे तोंड करून आहे, हवेशीर आहे, आणि ती तुम्ही पुस्तकांना दिलीत. एसीही तिथेच. आपण दोघं मे महिन्यात पंख्याखाली घामाच्या धारा पुसत झोपायचो आणि पलीकडे तुमची पुस्तकं गारव्यात असायची. मी एकदा उशी घेऊन तिथे झोपायला गेले तर म्हणालात, माणसाच्या श्वासाने दमटपणा वाढतो. नवऱ्याने बायकोला असं कारण सांगितल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आणि पुस्तकं कशाची, तर माशांची. गळ टाकून मासे कसे धरावेत, कुठल्या नदीत कुठला मासा कुठल्या आमिषाला लागतो, ह्याची जुनी विलायती पुस्तकं. कातडी बांधणीची, सोनेरी कडांची, आत हाताने रंगवलेली चित्रं. काहींत तर पानांत खाच करून खऱ्या पिसांच्या खोट्या माश्या बसवलेल्या, माशांना फसवायच्या. देवळाली कॅम्पात एका पारशी बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं तेव्हा तुम्ही पहिलं आणलंत. हिरवं कातडं, पाठीवर सोन्याचा महसीर मासा. गेला होतात आरामखुर्ची बघायला. खुर्ची राहिली आणि पुस्तक आलं, आणि मग एकामागून एक येतच राहिली.

तुम्ही जन्मात गळ हातात धरला नाहीत. गंगापूर धरणावर आपण कितीदा गेलो, तिथे पोरं काठावर दोरी टाकून बसलेली असायची, तुम्ही त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाहीत. ती मासेमारी, म्हणायचात, आणि ही कला. मासा तर तुम्ही खातच नव्हता. तुमच्या घरात लसूणसुद्धा चोरपावलांनी यायचा. आणि मी रेवदंड्याची. आमच्याकडे सकाळी बाजारात काय लागलं आहे त्यावर दिवस चांगला की वाईट हे ठरायचं.

हे तुम्हाला लग्नाआधी ठाऊक होतं. तुमच्या आईंना दुखवायचं नाही म्हणून त्या आहेत तोवर घरात मासळी शिजणार नाही असं मी स्वतः कबूल केलं होतं, आणि शब्द पाळला. कुरकुर केली असेल, पण पाळला. आई गेल्या. वर्ष झालं. मला वाटलं, आता आपलं स्वयंपाकघर आपलं झालं. तर आईंच्या जागी पुस्तकं येऊन बसली. मासळीचा वास कातड्यात धरतो, म्हणालात, एकदा धरला की जात नाही. मी म्हटलं, अहो, पुस्तकं माशांचीच आहेत ना? तुम्हाला ते हसण्यासारखंसुद्धा वाटलं नाही.

ते कातडं कसलं, हे मी एकदा विचारलं होतं. आठवतं? तुम्ही मोठ्या कौतुकाने सांगत होतात, हे मोरोक्को आणि हे काफ. काफ म्हणजे? मी शाळेत भूगोल शिकवला, इंग्रजी मलाही कळतं. वासरू म्हणा की, म्हटलं. म्हणजे माझी सुरमई उंबऱ्याच्या आत चालत नाही आणि वासराचं कातडं तुम्ही मलमलीच्या फडक्याने रोज पुसता. तुम्ही म्हणालात, ते मेलेलं असतं. मग सुरमई काय पोहत येणार होती का, जिना चढून?

एक मात्र खरं, भांडायला तुमच्याइतका पक्का माणूस मिळणं कठीण. आठवतं का, तुम्ही एका पुस्तकातलं चित्र मला दाखवलंत, सगळ्या संग्रहात ते तुमचं लाडकं, आणि विचारलंत, सांग बघू, काय वाटतं? मी म्हटलं, शिळा आहे. काय? मासा शिळा आहे, डोळा आत गेलाय बघा, चित्रकाराकडे पोहोचेपर्यंत दोन दिवस तरी झाले असणार. तुम्ही पुस्तक मिटून आत गेलात आणि आठवडाभर माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलला नाहीत. पण नंतर पुण्याचे ते तुमचे संग्राहक मित्र आले तेव्हा तेच पान उघडून त्यांना म्हणालात, आमच्या हिचं म्हणणं, हा शिळा आहे. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं. अभिमान होता. म्हणून तर तुमच्यावर नुसतं चिडून भागत नाही.

माझं ऑपरेशन झालं तेव्हाचंही सांगते, नाहीतर म्हणाल, ही फक्त वाईट तेवढं मोजते. मला झोप लागत नव्हती. तुम्ही खुर्ची ओढून बसायचात आणि त्या पुस्तकांतलं एखादं उघडून बघता बघता मराठीत सांगायचात. कोणी एक साहेब थंड नदीत गुडघाभर पाण्यात उभा आहे, सकाळपासून काही लागलेलं नाही, पाऊस भुरभुरतो आहे, तो भाकरीसारखं काहीतरी खातो आणि पुन्हा उभा राहतो. बस. काहीच घडायचं नाही. आणि मला झोप लागायची. तुमचा आवाज तेव्हा किती हळू असायचा. तेवढा आवाज मला अजून हवा आहे, हे बोलताना माझे डोळे भरून आले आहेत, आणि ह्याचाही मला राग येतो आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. माझा भाऊ.

दिगंबर. माझ्यापेक्षा लहान, रेवदंड्याला त्याची स्वतःची होडी. तुमच्या आईंचं वर्ष झाल्यावर आलेल्या भाऊबीजेला मी त्याला सांगितलं होतं, दिगू, यंदा सुरमई घेऊन ये, पहिल्यांदाच माझ्या घरी करते. तो पहाटे एसटीत बसला, बर्फात घातलेली सुरमई थर्माकोलच्या पेटीत घेऊन. अवकाळी पावसाने नाशिकला झोडपलं होतं, सगळीकडे ओल. त्याने ती पेटी ठेवली तुमच्या पुस्तकांच्या खोलीत. गार खोली तीच, त्याला काय ठाऊक. त्याच आठवड्यात तुमची काही पुस्तकं नव्याने बांधून आली होती आणि टेबलावर उघडी मांडून ठेवलेली होती.

तुम्ही बाहेरून आलात. दिगू पाटावर बसलेला, माझ्या हातात ओवाळणीचं ताट. तुम्ही खोलीत गेलात, नाक वर केलंत, आणि बाहेर येऊन म्हणालात, "दिगंबर, हे उचला इथून. माझ्या सगळ्या पुस्तकांना वास मारतोय. घर आहे हे, मासळीबाजार नाही."

तो उठला. "चुकलं भावोजी," म्हणाला. पेटी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. मी मागे धावले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो ताय, नंतर येईन कधीतरी." पेटी त्याने खाली वॉचमनला देऊन टाकली. मी वर येऊन तुम्हाला काय काय बोलले ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. निरांजन तसंच जळत होतं. भाऊ ओवाळायचा राहिला.

त्यानंतर तो ह्या घरात आला नाही. जगात भाऊ बहिणीकडे येतो, आमच्याकडे उलटं, बहीण ताट घेऊन भावाकडे. दर भाऊबीजेला मी एसटी धरून रेवदंड्याला जायचे. शेजारणी विचारायच्या, तुमचे भाऊ नाही येत? मी म्हणायचे, त्याला होडी सोडून येता येत नाही. आणि तुम्ही! पुस्तकांचा वास गेला नाही म्हणून महिनाभर मला सुनावत होतात. पुस्तकं उन्हात नको, सावलीत वाळवली, कापूर ठेवला, कडुनिंब ठेवला, आणि दर वेळी, "तुझ्या भावाची कृपा." शेवटी पिशवीत भरून पुन्हा बाइंडरकडे घेऊन गेलात. जाताना दारातूनसुद्धा तेच ऐकवलंत.

बाइंडरकडून आल्यावर मात्र तुम्ही टोमणे मारणं बंद केलंत. एकदम. मला वाटलं, मोठ्या मनाने सोडून दिलं. मी ह्या गोष्टीसाठी तुमच्याबद्दल मनात चांगलं बोलले होते. तेही आता परत घेते.

दिगू तुमच्या शेवटच्या वेळी आला. थेट अमरधामला आला, मागे उभा राहिला, सगळं होईपर्यंत थांबला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी म्हटलं, घरी चल. तो म्हणाला, "आता नको, ताय," आणि तिथूनच एसटी स्टँडला गेला. तुम्ही राख झालात तरी तो आपला जिना चढला नाही. माझं आता ह्या जगात दुसरं कोण आहे? मूलबाळ नाही, तुम्ही नाही. एक भाऊ आहे आणि तो दारापर्यंत येत नाही. मला एवढंच हवं होतं, त्याने घरात यावं. तुमच्या संग्रहासाठी पुण्याहून फोन येतात, अमुक ठिकाणी द्या, फोडू नका. मी सगळ्यांना थांबवून ठेवलं आहे. तुम्हीसुद्धा हॉस्पिटलात शेवटी माझा हात धरून काय म्हणालात? एसी बंद करू नकोस. मी वाकून कान लावला होता हो. मला वाटलं होतं, काहीतरी माझ्यासाठी असेल.

आणि मग परवा रफिकभाई आले. तुमचे जुन्या नाशकातले बाइंडर. तुम्ही दिलेलं शेवटचं पुस्तक तयार होतं ते घेऊन आले. फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. बसले, आणि तुमच्या आठवणी सांगायला लागले.

"भाभी, साहेबांसारखा शौकीन नाही बघितला. एकदा तर बोलले, रफिकभाई, पुस्तक माशाचं आहे तर चिकटवायचा सरसपण माशाचाच पाहिजे. कुठल्या तरी किताबात वाचलं होतं त्यांनी. मी बोललो, साहेब, पिठाची खळ बरी, साधी. नाही बोलले. मग मी मुंबईहून घोळ माशाचं भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, मागवलं, सुकवलेलं, ते उकळून सरस केला. पण आपल्याला ते काम कुठं जमतं. त्यात पाऊस. जो वास सुटला भाभी! साहेब सगळी पुस्तकं घेऊन आले परत. मी वास घेतला न् तेव्हाच सांगितलं, हा आपल्या सरसाचा आहे. सगळी उकलून पुन्हा खळीने बांधली. लई हसलो नंतर आम्ही."

हसलात तुम्ही. रफिकभाईंबरोबर.

मी विचारलं, कधीची गोष्ट? तर म्हणाले, दिवाळी होती, अवकाळीचं वर्ष. मी आत गेले, पाण्याचा नळ सोडला आणि उभी राहिले. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, काय बोलून बसले ते.

म्हणजे मासळीबाजार तुम्हीच मांडला होतात. हौसेने, मुंबईहून मागवून. माझ्या भावाची ताजी सुरमई बर्फात पडली होती, तिला वास नव्हता, आणि तुम्ही त्याला पाटावरून उठवलंत. बरं, तेव्हा ठाऊक नव्हतं, मान्य. पण महिन्याभरात कळलं ना? मग घरी येऊन एक वाक्य बोलायला काय झालं होतं? मी दर वर्षी ताट फडक्यात बांधून निघायचे तेव्हा तुम्ही मला स्टँडवर सोडायला यायचात. खिडकीजवळची जागा धरून द्यायचात. पाण्याची बाटली द्यायचात. सगळं द्यायचात, ते एवढं सोडून.

रफिकभाई गेल्यावर मी दिगूला फोन लावला. रडत नव्हते, ओरडत होते. त्याला सगळं सांगितलं. सरस, भोत, पाऊस, सगळं. तो मग म्हणाला,

"मना ठाव हाय, ताय."

"तुला कसं ठाऊक?"

"भावोजी आलेले ना रेवदंड्याला. पुढल्या वर्षी, मे मयन्यात. ओटीवर बसले. चा पण नाय घेतली. बोलले, दिगंबर, वास माझ्या पुस्तकांचा होता, मला माफ कर."

मला ते आठवलं. मुंबईला पुस्तकांचा लिलाव आहे म्हणून गेला होतात आणि रिकाम्या हाताने आला होतात. पहिल्यांदाच. तुमच्या चपलांमधून वाळू निघाली तेव्हा मी म्हटलंसुद्धा, चौपाटीवर फिरत बसलात वाटतं. तुम्ही हो म्हणालात.

"मग तू काय म्हणालास?"

"मी बोललो, मना कशाला सांगता? ज्या घरातून उठवलंत त्या घरात बोला. तायच्या समोर. मी येतो, पाटावर बसतो, तुम्ही बोला, झालं. ते हो बोलले. बोलले, येत्या भाऊबीजेला."

"आणि?"

"दर दिवाळीला फोन यायचा त्यांचा. यंदा नको, पुढल्या वर्षी. मी बोलायचो, बरं."

दर दिवाळीला तुम्ही बाल्कनीत जाऊन दार ओढून घेऊन कुणाशी तरी बोलायचात. मला वाटायचं, पुस्तकवाला आहे.

"तू मला का नाही सांगितलंस रे?" मी म्हटलं. "इतकी वर्षं मी तुझ्याकडे येत होते, एकदा तरी सांगायचंस."

"मी सांगितलं असतं ताय, तर त्यांचं काम मीच केलं असतं. ते सुटले असते. ते त्यांनी बोलायचं व्हतं."

तुम्ही दोघं! एक होडीवाला आणि एक पुस्तकवाला, एकापेक्षा एक हट्टी, आणि मधे मी एसटीच्या खिडकीत बसून जाते आहे, येते आहे. दोघांनाही ठाऊक, आणि मला कुणी काही सांगत नाही. दिगूवर मी रागावले, पण तो निदान अपमान झालेला माणूस. तुमचं काय होतं? तुम्ही माझ्या माहेरी जाऊन हात जोडू शकलात, परक्या ओटीवर मान खाली घालू शकलात, आणि स्वतःच्या घरात बायकोसमोर जीभ उचलेना? मी काय केलं असतं? आठ दिवस बोलले असते, नवव्या दिवशी सुरमई तळली असती. एवढंच झालं असतं. तेवढ्याला भ्यालात?

काल सकाळी दिगू आला. न सांगता. बेल वाजली, मी दार उघडलं, तर तो जिना चढून धापा टाकत उभा, केस पांढरे. हातात काही नाही. मी त्याला तुमच्या खोलीत नेलं आणि तुमच्या खुर्चीत बसवलं. तो कपाटाकडे बघत होता. पहिल्यांदाच नीट बघत होता ती पुस्तकं. "बरी हायेत," म्हणाला.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं, तुमचं वाक्य मी बोलायचं. आजवर तुम्हाला जड गेलेलं सगळं मीच बोलत आले, हेही बोलते. म्हटलं, "दिगू, त्या दिवशी वास ह्यांच्या..."

त्याने हात वर केला. "नको गो ताय. ते त्यांचं व्हतं. ते त्यांच्यासंगं गेलं."

"मग तू आज कसा आलास?"

तो म्हणाला, "आता ते बोलणार नाय, हे कळलं म्हणून आलो. वाट बघायचं संपलं."

मग त्याने विचारलं, जेवायला काय आहे. मी वरणभात लावला. तो जेवत असताना मी समोर बसून होते, आणि मला सुख वाटलं. खरं सुख, पोटातून आलेलं. ऐकता आहात ना? तुम्ही होतात तोवर माझा भाऊ घरी आला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून आला. तुमच्या जाण्यातलं हे सुख तुम्ही माझ्या पदरात टाकून गेलात. वासराचं कातडं, एसी, आईंचा शब्द, सगळं एक वेळ मी तुम्हाला माफ करीन. हे करणार नाही.